‘सगळे खोटे’पासून ‘सगळ्यांसमोर’पर्यंत

गेली अनेक वर्षं मी हिब्रू शिकवतो. मुलांच्या अंगवळणी थोडं व्याकरण पडलं की मी त्यांच्यापुढे बायबलमधलं ११६वं स्तोत्र ठेवतो. वल्हांडणाच्या रात्री ज्यू घरांत आजही ते म्हटलं जातं. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत मला हेच सर्वांत जवळचं. मरणाच्या फासात सापडलेला माणूस देवाला हाक मारतो आणि वाचतो. दुखणं होतं की वैरी, ते तो सांगत नाही. म्हणून संकटातून उठलेल्या प्रत्येकाला ते आपलंच वाटतं.

पहिला शब्द ‘आहावती’, म्हणजे ‘मी प्रेम करतो’. कोणावर? वाक्यात कर्मच नाही. एकदम कारण येतं: देवानं माझं ऐकलं. ऊर भरून आलेला माणूस असाच बोलतो. पुढे ‘एक्रा’ हे हाक मारण्याचं क्रियापद चार वेळा येतं. संकटातल्या धाव्यासाठी जो शब्द, तोच सुटकेनंतर देवाचं नाव घेण्यासाठी.

पण माझं बोट दर वेळी थांबतं ते ‘कोल’ या इवल्या शब्दावर. ‘कोल’ म्हणजे सगळे. जीव घाबरा झाला असताना हा माणूस म्हणून गेला होता की सगळी माणसं खोटी (वचन ११). तोच पुढे नवस फेडायला उभा राहतो, तो देवाच्या सगळ्या लोकांसमोर (वचन १४, आणि पुन्हा १८). देवानं त्याला मरणातून सोडवलं, तसं माणसांतही परत आणलं.

ते मंदिरात कसं घडायचं, हे ‘तोदा’ या उपकारस्तुतीच्या यज्ञावरून कळतं. लेवीय ग्रंथाच्या ७व्या अध्यायात नियम आहे: इतर नवसाच्या यज्ञाचं मांस दुसऱ्या दिवशीही चालेल, तोदाचं मात्र त्याच दिवशी संपवायचं. सोबत भाकरी, मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाच्या हिशेबानं ४०. त्यातल्या ४ याजकाला, ३६ यजमानाला. एका घराला हे संपणार कसं? सगेसोयरे, शेजारीपाजारी बोलवावेच लागणार, आणि पंगतीत ‘मी कसा वाचलो’ हे सांगावंच लागणार. काही ज्यू भाष्यकारांनी या नियमाचा हेतू हाच मानला आहे.

एकदा अलिबागजवळ बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातल्या एका घरी मी मलिद्याला, म्हणजे त्यांच्या उपकारस्तुतीच्या विधीला, बसलो होतो. घरची आजी मोठ्या दुखण्यातून उठली होती. परातीत भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, भोवती फळं. एलियाहू हन्नावीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, नाव घेऊन प्रार्थना झाली. मग आजी स्वतः उठल्या. हात थरथरत होता, तरी परात दुसऱ्या कुणाला देईनात. एकेकाच्या ओंजळीत पोहे घालत त्या दारात उभ्या असलेल्या शेजारच्या पोरांपर्यंत गेल्या. कुणालाही वगळलं नाही.

तेव्हापासून वर्गात चौदावं वचन आलं की आधी मी त्या परातीची गोष्ट सांगतो. व्याकरण त्यानंतर.