टाकीवरचा रास्पबेरी पाय

सोसायटीच्या गच्चीवरल्या टाकीत पाणी किती उरलंय ते मोबाइलवर दिसावं, एवढंच हवं होतं. म्हणून रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर-बोर्ड आणला. मेमरी कार्डावर लिनक्स चढवून झालं अर्ध्या तासात. त्यापुढच्या सेटिंगनी मात्र घाम काढला.

आधी वाय-फाय. ह्या बोर्डाला लॅनची केबल जोडता येत नाही, आणि गच्चीवर स्क्रीन कोण नेणार! व्हिडिओंमध्ये सांगतात, कार्डाच्या बूट विभागात ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ची फाइल टाका. टाकली, तरी राउटरच्या यादीत पाय दिसेना. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ओएसच्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजरकडे गेलाय. ती फाइल आता कुणी विचारत नाही. ‘पाय’ आणि ‘रास्पबेरी’ ही आयती यूजर-पासवर्डची जोडीही २०२२मध्येच गेली. तेव्हा व्हिडिओ कितीही छान असो, तारीख आधी बघा. कार्ड पुन्हा लिहिलं. ह्या खेपेला कार्ड लिहायच्या ‘इमेजर’ प्रोग्राममध्येच यूजर, पासवर्ड, वाय-फाय, देश आणि टाइमझोन भरले, दुरून लॉगिन करता यावं म्हणून एसएसएच चालू केलं. आणखी एक: हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतो. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव दिलंत तर बसा वाट बघत.

मग पाय मधूनच रीस्टार्ट व्हायला लागला. माझा संशय पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरवर. सेन्सर काढला, तरी तेच. शेवटी एसएसएचवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड दिली. उत्तर आलं ०एक्स५०००५. म्हणजे व्होल्टेज आत्ताही कमी पडतंय, आणि त्यापायी बोर्डाने वेगही उतरवलाय. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांबलचक बारीक केबल, दोन्ही बदललं. ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर आणि आखूड केबल लावली, तेव्हा उत्तर आलं ०एक्स०. तो शून्य बघून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त त्रास दिला लाइटने. लाइट जाऊन आली की नोंदींच्या वेळा मागेपुढे. पाणी संध्याकाळी संपलेलं, नोंद दुपारची. सेक्रेटरी विचारतात, टँकर नक्की कधी बोलवायचा? कारण असं की, ह्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. शेवटची लिहून ठेवलेली वेळ असते, चालू झाला की तिथून पुढे मोजतो, आणि इंटरनेट मिळालं की सुधारतो. आमचा राउटर उठायला पायपेक्षा जास्त वेळ लावतो, तेवढ्यात चुकीच्या नोंदी पडायच्या. ‘सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक’ चालू केलं, आणि वेळ जुळल्याशिवाय आपला प्रोग्राम सुरूच होऊ नये असं त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये लिहिलं. इंटरनेटचा भरवसा नसेल तिथे नाण्याएवढ्या सेलवर चालणारं डीएस३२३१चं घड्याळाचं मॉड्यूल लावावं.

लाइट जाण्याने कार्डही खराब होऊ शकतं. त्यावर ‘रास्पी-कॉन्फिग’ ह्या सेटिंगच्या मेन्यूत ‘ओव्हरले फाइल सिस्टम’ आहे. ती लावली की कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. अर्थात रीस्टार्टनंतर सगळं विसरतो, म्हणून नोंदी पेनड्राइव्हवर वळवल्या. अपडेट करायचं असेल तर ओव्हरले आधी बंद करावं लागतं, नाहीतर अपडेटही विसरला जातो.

आता बी विंगवाल्यांनाही हवाय. त्यांना म्हटलं, बोर्ड नंतर आणा, आधी तुमच्या गच्चीवर राउटरची रेंज येते का बघा.