आसगावचा तान्हा पोळा

नागपूरहून उमरेड, भिवापूर या मार्गाने पवनीकडे निघाले की प्रदेशाचे रूप हळूहळू पालटत जाते. भिवापूरच्या प्रसिद्ध मिरचीचा परिसर मागे पडतो आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्या दिसू लागतात. पवनी हे प्राचीन नगर आहे. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्याच पवनी तालुक्यात, चौरास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुपीक पट्ट्यात आसगाव वसले आहे. प्रवासी वाट वाकडी करून पवनीचा जुना किल्ला पाहतात. आसगावकडे मात्र वळतात ती आपल्या माणसांच्या ओढीने येणारी कुटुंबे. अशा कुटुंबांनी गावी येण्याचा उत्तम काळ म्हणजे पोळ्याचे दोन दिवस.

श्रावण संपत येतो तेव्हा रोवणीची घाई सरलेली असते आणि चिखलणीत राबलेल्या बैलांना विसावा मिळालेला असतो. अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा भरतो. खांदे मळून, शिंगे रंगवून, अंगावर झूल पांघरून बैल तोरणाखाली आणले जातात, झडत्या म्हटल्या जातात आणि घरोघरी त्यांना पुरणपोळीचा घास मिळतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, येतो बालगोपाळांचा तान्हा पोळा. हा विदर्भाचा खास सण आहे. नागपूरकर दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली तो सुरू केल्याचे सांगितले जाते. मुलांनाही बैलाचे मोल कळावे, पण खऱ्या जनावराला आवरणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून त्यांच्या हाती लाकडाचा नंदी देण्यात आला. सागाचा किंवा आडजात लाकडाचा, पायांखाली चाके लावलेला हा नंदी वितीएवढाही असतो आणि दोघा-तिघांनी ओढावा एवढा प्रचंडही. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर अशा भव्य नंदींसाठीच नावाजलेला आहे.

या दिवशी घरातील मोठ्यांचे काही चालत नाही. नंदीच्या गळ्यात घुंगरमाळ बांधायची की फुगे, यावर सकाळपासून वाद रंगतो. शहरातून आलेला चार वर्षांचा नातू नंदीला उलटा करून त्याची चावी शोधतो. पुरणपोळीचा घास नंदीच्या तोंडाशी बराच वेळ धरून अखेर तो विचारतो, "आजी, हा तर काहीच खात नाही. मग याचं मी खाऊ का?" आजीने होकार देण्यापूर्वीच नंदीचे पोट भरलेले असते. शेतकऱ्याच्या वेशात सजवलेल्या एखाद्याच्या एका हातात कासरा असतो आणि दुसऱ्या हातात सुटू पाहणारे धोतर. वाटेत चाक निखळले की तो गडी रडत नाही. "माझा बैल दमला," असे जाहीर करून नंदीला खांद्यावर घेतो. धान्याऐवजी माणसांना हसू पिकवणारी ही शेती.

मग घरोघरी नंदी नेऊन 'बोजारा' गोळा केला जातो. कोणी खाऊ देतो, कोणी नाणी, कोणी नोट. संध्याकाळी ओसरीवर त्याची मोजदाद होते. कोणत्या काकांनी किती दिले, वाटेत किती खर्चले, बहिणीला किती द्यायचे, हे सारे बोटांवर मोजणारी ही मुले नकळत जमाखर्चाचा पहिला धडा गिरवत असतात. व्यापारी घराला याहून गोड चोपडीपूजन कोणते असेल? शहरात सभागृह भाड्याने घेऊन केलेल्या वाढदिवसाच्या मेजवानीतून मुले भेटवस्तू घेऊन परततात. येथून मात्र ती अर्ध्या गावाची ओळख घेऊन परततात.

जैन कुटुंबांसाठी या दिवसांना आणखी एक पदर आहे. श्वेतांबर परंपरेतील पर्युषण याच सुमारास चालू असते. घरात कोणाचा उपवास, कोणाचे एकासणे असते. तरीही मुलांच्या आनंदाला बाध येत नाही. पोळा दुपारनंतर भरतो आणि दिवस असतानाच जेवणे आटोपतात. भगवान महावीरांचे जन्मवाचनही प्रतिपदेच्या आसपासच येते. त्या वेळी त्रिशलामातेची जी चौदा स्वप्ने दाखवली जातात, त्यांतील दुसरे स्वप्न वृषभाचे. प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांचे लांछनही वृषभच, आणि मानवाला कृषी व वाणिज्य शिकवण्याचा मानही परंपरेने त्यांनाच दिलेला. लाकडी नंदी ओढून आलेल्या बालकाला चांदीच्या स्वप्नातील वृषभ दाखवला, तर ओळख पटवण्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही.

मात्र एक चिंता या आनंदाच्या मागोमाग चालते. चिखलणी आता ट्रॅक्टर करतो. वर्षातील मोजके दिवस कामाला येणाऱ्या जोडीला बारा महिने चारा-पाणी घालणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. त्यामुळे तोरणाखालची रांग आखूड होत आहे आणि लाकडी नंदींची मात्र लांबत आहे. ज्याची प्रतिकृती म्हणून नंदी घडला, तो बैलच मुलांनी पाहिला नाही, तर उरेल ते केवळ खेळणे. लाकडाच्या बैलाला चारा लागत नाही, तो म्हातारा होत नाही. जिवंत बैल दोन्ही गोष्टी मागतो, आणि जीवदयेची परीक्षा तेथेच असते.

म्हणून तान्ह्या पोळ्यासाठी गावी येणाऱ्यांनी एक दिवस आधी यावे. अमावास्येला मुलांना खऱ्या बैलाजवळ न्यावे, त्याच्या उष्ण श्वासाची आणि खरबरीत जिभेची ओळख होऊ द्यावी. बोजाऱ्यातील काही रक्कम मुलांच्याच हाताने चाऱ्यासाठी द्यावी. ज्याने हातातील नाणे मोजून बैलाच्या वैरणीला दिले, तो मुलगा पुढे कोणत्याही शहरात व्यापार करो, आसगावच्या बांधीशी त्याचा हिशेब चालू राहील.