एक जूनची आजी

दरवर्षी १ जून उजाडला की आमच्या घरात दोन वाढदिवस होतात. एक वडिलांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ती तारीखही काही त्यांची खरी नव्हे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या गावाला वाटलेली ती तारीख. दुसरा वाढदिवस पूर्व तिमोरमधल्या एका आजीचा. तिला ही तारीख मी वाटली.

२००१च्या मार्चमध्ये मी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक म्हणून दिलीला उतरलो. विमानतळावरून शहरात येताना छप्पर नसलेल्या भिंती मोजता मोजता मोजणं सोडून दिलं. ३० ऑगस्ट १९९९ला तिथल्या ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळं व्हायचा कौल दिला होता. त्याचा सूड म्हणून सैन्याच्या आश्रयानं वाढलेल्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. घरांबरोबर जन्माचे दाखले, लग्नाच्या नोंदी, जमिनीचे कागद सगळं गेलं. आता देश जन्माला यायचा होता आणि आपली माणसं किती, हे सांगणारा एक कागद त्याच्यापाशी नव्हता. म्हणून आधी नावनोंदणी. जूनपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून सुमारे ७ लाख ३७ हजार माणसं कागदावर आणली.

माझी नेमणूक माउबिसेला. डोंगरातलं थंडगार गाव, उतारांवर कॉफीच्या बागा, बाजारच्या दिवशी घोड्यांवरून येणारी माणसं. मी सावंतवाडीचा, गोवा उंबरठ्यावर. १८४४ पर्यंत पोर्तुगिजांचा तिमोर गोव्याहून चालवला जाई, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ते पटलं घरमालकिणीच्या परसात. ती म्हणाली, ‘शावी’. मी किल्ली पुढे केली. तिच्याकडे साबणाला ‘साबाऊं’, बादलीला ‘बाल्दी’, पावाला ‘पाऊं’. त्या चार शब्दांच्या पुंजीवर आमचं बोलणं सुरू झालं. आजीला तिथे ‘आव्हो’ म्हणतात. मीही तिला तेच म्हणू लागलो.

नोंदणीला ती पहिल्याच आठवड्यात आली. दुभाषा तिचा नातूच. जन्मसाल विचारलं तर म्हणाली, “जपानी आले तेव्हा मी पाण्याची बादली उचलत होते.” जपानी आले १९४२मध्ये. बादली उचलायची म्हणजे सात-आठ वर्षांची असेल, असा हिशेब करून मी साल लिहिलं १९३४. तारखेच्या रकान्याशी हात थबकला आणि आपोआप लिहून गेला: १ जून.

मग मुलं. तिनं तीन बोटं दाखवली. नातू खाली बघायला लागला. तिसरा मुलगा सप्टेंबर १९९९मध्ये घरातून नेला होता, तो परतला नव्हता. मी म्हटलं, नोंदणी हयात माणसांचीच होते, नियम आहे. तिनं अंगठा उमटवला, “दिआक” म्हणाली, म्हणजे बरं, आणि उठून गेली. आयुष्यात मी पुष्कळ नियम पाळले. एवढा निमूटपणे ऐकून घेतलेला हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी नेहमीसारखी काळी, साखरेनं घट्ट झालेली कॉफी होती.

३० ऑगस्टला, जनमताला बरोबर दोन वर्षं होताना, संविधान सभेची निवडणूक झाली. आव्हो पेटीतलं ठेवणीतलं ‘ताइश’ नेसून पहाटेच्या अंधारात रांगेत उभी होती. त्यांच्या भाषेत स्वातंत्र्याला ‘उकुन रासिक आन’ म्हणतात. उकुन म्हणजे राज्य करणं, रासिक आन म्हणजे आपलं आपण. मी मनात म्हटलं, अरे, हे तर स्वराज्य!

पावसाळ्यात मी तापानं फणफणलो. तीन रात्री तिनं मला चुलीजवळ निजवलं, आल्याचं पाणी आणि भाताची पेज पाजली. ग्लानीत असताना तिनं बेटाची गोष्ट सांगितली. उन्हात तडफडणाऱ्या मगरीच्या पिलाला एका मुलानं उचलून पाण्यात सोडलं. मगर मोठी झाल्यावर त्याला पाठीवर घेऊन समुद्र हिंडली, आणि मरताना त्याच्या वंशजांना राहायला स्वतःच बेट झाली. आजही नदी उतरताना तिथली माणसं म्हणतात, “आजोबा, मी तुमचा नातू, मला खाऊ नका.” मी विचारलं, मग फिटलं का ऋण? नातवानं हसत भाषांतर केलं: “फिटलं असतं तर आम्ही राहिलो कुठे असतो?”

१९ मे २००२च्या रात्री स्वातंत्र्याच्या सोहळ्यासाठी सगळं जग दिलीजवळच्या तासी तोलूच्या मैदानात लोटलं होतं. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात रेडिओभोवती बसलो होतो. कोफी अन्नान आले, क्लिंटन आले. इंडोनेशियाच्या अध्यक्ष मेगावती आल्याचं ऐकून घरात कुणी बोललं नाही. आव्होनं चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सरकवलं. बाराला संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा उतरला, त्यांचा वर चढला. बाहेर चर्चची घंटा वाजायला लागली.

आव्हो उठली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून नोंदणीचा घडीचा कागद काढून माझ्यासमोर उलटा ठेवला. मागची बाजू कोरी होती.

“तेव्हा कचेरी तुमची होती,” ती म्हणाली. “आता आमची आहे. लिही.”

मी मुलाचं नाव लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “ओब्रिगादा.” या पोर्तुगीज शब्दाचा मूळ अर्थ बांधलेली, उपकारानं बांधलेली. आयुष्यभर आपण ज्याला ऋणानुबंध म्हणतो, ते तिथे रोज बाजारात, भाजी घेताना म्हणतात. खरं तर त्या रात्री तो शब्द मी म्हणायचा होता. माझा घसा दाटला होता.

२००५मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानं १९७४ ते १९९९ या काळातल्या संघर्षाच्या बळींचा किमान आकडा काढला: १ लाख २ हजार ८००. तो अहवाल माझ्या कपाटात आहे. त्यातली पानं मी फारशी उघडत नाही. एक जूनला मात्र काळी कॉफी करतो, साखर दुप्पट घालतो, आणि एक पेला जास्तीचा भरतो.