खिशातलं पिस्तूल

आमचा आतेभाऊ अप्पा सांगलीजवळ मळ्यात राहतो. वय माझ्याच बरोबरीचं, म्हणजे पंच्याहत्तरीकडे झुकलेलं. मुलं नोकरीनिमित्त बाहेर. मध्यंतरी शेजारच्या मळ्यात चोरी झाली, तेव्हापासून त्याने एकच धोशा लावलाय. "एक छोटंसं पिस्तूल घ्यावं म्हणतो. उशाखाली राहील. तू एन.सी.सी.चा मास्तर, तूच सांग कुठलं घेऊ?" फोनवर हे सगळं नीट सांगणं होत नाही, म्हणून इथेच लिहितो. अप्पाला त्याची सून वाचून दाखवेलच. बाकीच्या मंडळींनाही कदाचित रस वाटेल.

आधीच सांगतो, मी काही मोठा नेमबाज नव्हे. एन.सी.सी.च्या मुलांकडून पॉइंट टू-टू रायफलने पंचवीस मीटरवर गोळ्या मारून घेतल्या, तेवढाच माझा अनुभव. बाकीचं वाचन.

लहान पिस्तुलांचं घराणं एका माणसाचं आहे म्हटलं तरी चालेल. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर. त्याने आखलेली पिस्तुलं १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. त्यांची गोळी ७.६५ मिलिमीटरची. तिलाच आपल्याकडे 'बत्तीस बोअर' म्हणतात. मग पाच-सहा वर्षांनी त्याने त्याहून लहान ६.३५ मिलिमीटरचं पिस्तूल काढलं, अगदी जाकिटाच्या खिशात मावणारं. आपल्याकडे ९ मिलिमीटर आणि ०.३८ ही मापं सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, त्यामुळे परवाना मिळालाच तर बहुतेकांच्या वाट्याला बत्तीस बोअरच येतं. म्हणजे 'लहान की मोठं' हा प्रश्न सरकारनेच सोडवून टाकलाय. उरतो तो 'घ्यावं की नको' एवढाच!

आता गुण. वजन कमी, आकार कमी. दणका बेताचा, त्यामुळे नवशिका माणूस डोळे मिटून घेत नाही. यंत्रणा साधी. जवळ बाळगायला सोपं, आणि जवळ असलेलं लहान हत्यार हे घरी कपाटात राहिलेल्या मोठ्यापेक्षा उपयोगी, असं त्याचे चाहते म्हणतात. त्यात तथ्य आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, तेही याच विचाराने. बत्तीस बोअर, सहा गोळ्या, वजन जेमतेम अर्धा किलो. किंमत मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या मुलीला रात्री बसस्टॉपवर उभं राहावं लागतं, तिला हे परवडावं कसं, हा प्रश्न तेव्हाही मनात आला होता.

आता दोष. इथे थोडं गणित करू, सवय जात नाही. ६.३५ ची गोळी साधारण सव्वातीन ग्रॅमची आणि सेकंदाला सव्वादोनशे-अडीचशे मीटर वेगाची. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. उत्तर येतं ८५-९० ज्यूल. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत १२० ज्यूल असतात! मग चेंडूने माणूस सहसा मरत नाही आणि गोळीने मरतो, ते का? कारण चेंडूचा जोर पसरतो आणि गोळीचा शेंगदाण्याएवढ्या जागेवर पडतो. म्हणजे ही गोळी जीव घेऊ शकते, पण समोरच्याला ढकलून पाडेल किंवा जागच्या जागी थांबवेल हा सिनेमाचा समज. बत्तीसची गोळी याच्या दुप्पट जोराची, ९ मिलिमीटरची पाचपट. लहान गोळी लागलेला माणूस बराच वेळ उभा राहू शकतो, पुढेही येऊ शकतो. चोराला त्याच क्षणी थांबवणं आणि त्याला तासाभराने दवाखान्यात मरू देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला हवी असते पहिली, आणि लहान पिस्तूल पुष्कळदा देतं दुसरी.

दुसरा दोष भूमितीचा. लहान पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीत दहाएक सेंटिमीटरचं अंतर. हात एक मिलिमीटर हलला की दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर सरकते. रायफलवर हेच अंतर साठेक सेंटिमीटर असतं, तिथे तीच चूक दीड-दोन सेंटिमीटरची होते. आणि आपले हात, अप्पा? चहाच्या बशीला विचार. शिवाय लहान पिस्तुलाच्या वरच्या सरकपट्टीची स्प्रिंग चांगलीच ताठ असते. सांधे धरलेल्या बोटांना ती ओढणं जड जातं. म्हणजे जे म्हाताऱ्यांसाठी सोयीचं म्हणून सांगितलं जातं, तेच म्हाताऱ्यांना अवघड.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. या पिस्तुलांचा इतिहास बघा. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आले असताना अनंत कान्हेरेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. लंडनहून सावरकरांनी चोरून पाठवलेल्या पिस्तुलांचा हा परिणाम. २८ जून १९१४, साराजेव्हो. युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी, दोघं दोन गोळ्यांत गेले. पिस्तूल पुन्हा ब्राउनिंगच्याच आखणीचं. ३० जानेवारी १९४८, दिल्ली. गांधीजींवर तीन गोळ्या, इटलीचं बेरेटा. यातला हेतू कुठला चांगला नि कुठला वाईट, तो वाद इथे नको. साम्य एवढंच की तिन्ही ठिकाणी अंतर हातापायाचं होतं, आणि समोरच्याला काही कल्पना नव्हती. लहान पिस्तुलाचा खरा गुण म्हणजे ते लपतं. आणि लपवण्याचा फायदा कोणाला? जो ठरवून येतो त्याला. वेळ तो निवडतो, जागा तो निवडतो, जवळही तोच जातो. घर राखणारा मात्र झोपेतून उठतो, चष्मा चाचपतो, अंधारात आवाज ऐकतो. त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. आपल्याच घरात आपण हत्यार लपवायचं कोणापासून? सुट्टीत आलेल्या नातवंडांपासून! आणि उशाखालचं पिस्तूल सापडायला नातवंडांना एक दुपार पुरते.

बाकी व्यवहारही आहेच. परवान्यासाठी चौकशी, नूतनीकरण, गोळ्यांचा हिशेब. निवडणूक लागली की बहुतेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी गेली तर उरलेलं आयुष्य कोर्टाच्या बाकावर.

आणखी एक गोष्ट, जरा जड आहे, पण लिहितो. अमेरिकेत बंदुकीने जेवढे लोक मरतात, त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच हाताने मरतात, आणि त्यात म्हाताऱ्या पुरुषांचं प्रमाण मोठं. आपल्या वयात बायको आजारी पडते, मित्र एकेक करून जातात, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. ती वेळ बहुतेकांची निघून जाते, उजाडतं, दूधवाला येतो. पण त्या वेळेला उशाखाली काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. मला मळ्यातल्या चोरापेक्षा त्या पहाटेची भीती जास्त वाटते.

तेव्हा अप्पा, सव्वा लाखात चांगले दिवे, कुंपण, एक भुंकणारं कुत्रं आणि ११२ नंबर लावायला येणारा एखादा गडी, एवढं सगळं होऊन पैसे उरतील. रागावू नकोस. ज्यांच्या घरी परवान्याचं हत्यार आहे, त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा. माझ्या विरुद्ध असला तरी चालेल.