पगाराची तारीख

वरणगावात तरुण माणसाची चौकशी एका प्रश्नात संपते : 'फॅक्टरीत लागला का?' साठच्या दशकात इथं बंदुकीच्या गोळ्या बनवणारा सरकारी कारखाना आला, तेव्हापासून कायमची नोकरी म्हणजे काय, हे गावानं ठरवून टाकलंय. मी सकाळी भुसावळला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, दुपारी गावातल्या सेवा केंद्रात ऑनलाइन अर्ज भरते आणि एलआयसीची एजंट आहे. बायोडेटातल्या 'नोकरी'च्या रकान्यात हे सगळं मावत नाही.

लोकांना वाटतं, धावपळ होत असेल. धावपळीचं काही नाही, एसटी आहे, रिक्षा आहे. खरी कसरत पैशाच्या तारखांची. महाविद्यालयात घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. दिवाळी, परीक्षा, उन्हाळा कोरडा. बिल कधी निघेल तेव्हा निघेल. एलआयसीचं कमिशन पहिल्या वर्षी मोठं, पुढं थोडकं; पण मे महिन्यात किराणा त्याच थोडक्यावर येतो.

केंद्रातला सुगीचा महिना ऑक्टोबर. केळीच्या फळपीक विम्याची मुदत ३१ तारखेला संपते. सातबारा, पासबुक, बागेचा जिओ टॅग फोटो घेऊन माणसं ओळीनं बसतात आणि नेमकं तेव्हाच सर्व्हर मान टाकतो. 'ताई, आजच होईन ना?' एप्रिल-मेतल्या वादळात उभी बाग आडवी झालेली पाहिलेला माणूस हे विचारतो, तेव्हा घरी जाववत नाही. त्यातल्या एखाद्याचा मुलगा सकाळी माझ्या वर्गात बसलेला असतो. अशा ओळखीतूनच पॉलिसी मिळतात, हे खरं. पण अर्जासाठी अडलेल्या माणसापुढं तिथंच पॉलिसीचं माहितीपत्रक ठेवायचं नाही, हा नियम मी पाळते. अडलेला माणूस 'नाही' म्हणू शकत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ला फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया या नव्या सरकारी कंपनीकडं गेली, कामगार प्रतिनियुक्तीवर. पगार तोच, तरी गल्लीत चर्चा थांबेना. माझ्या नोकरीची सतत काळजी करणारे शेजारचे काका त्याच दिवसांत एका संध्याकाळी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, ते एलआयसीचं आमच्या मिसेसला जमेल का? परीक्षा अवघड असते का हो?"