पॉइंट्सचेही कुलूप

थोरल्या जाऊबाई बेळगावात, धाकटा दीर परदेशी आणि आम्ही बडोद्याला, सयाजीगंजात. दिवाळीला सगळे एकत्र येतात ते पुष्कळदा विमानप्रवासाच्या साठलेल्या पॉइंट्सवर. ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे. बँकेचे पासबुक आपण दरमहा पाहतो, पण पॉइंट्सकडे वर्षभर कुणी फिरकत नाही. चोराला तेच हवे असते.

मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले, की जगभरच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली. नावे, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील, पॉइंट्स-योजनेची माहितीसुद्धा. पासवर्ड त्यात नव्हते, तरी ते बदला, असे कंपनीने सांगितले. ते योग्यच, जन्मतारखेचाच पासवर्ड ठेवणारे काय थोडे आहेत?

आमच्या घरी प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा. सर्वांत अवघड ईमेलचा, कारण नवा पासवर्ड करण्याची लिंक तिथेच येते. शब्द निम्मे मराठी, निम्मे कन्नड, मध्ये आकडे. मुलांची नावे मात्र नाहीत.

जाऊबाई म्हणतात, "अगं, ओटीपी घरच्यांना सांगितला तर काय बिघडलं?"

"अक्का, फोनवर घरचंच माणूस बोलतंय, हे तुम्हाला कसं कळणार? फोन ठेवा आणि आपल्याकडच्या नंबरावर तुम्हीच उलटा लावा."