काकूची मजुरी कोणत्या रकान्यात?

कला शाखेत प्रवेश घेताना आपल्यापैकी अनेकांना एक छुपा आनंद झालेला असतो. गणिताची पीडा एकदाची टळली! 'क्ष'ची किंमत काढा म्हणून आता कोणी पाठीस लागणार नाही. पण हा 'क्ष' मोठा चिवट. वर्गातून हाकलला तर तो मागच्या दाराने घरात शिरतो. आमच्या घरी तो तर्री-पोह्यांच्या हातगाडीवरून आला.

माझे काका पिपरी मेघेत ही गाडी लावतात. तर्री-पोहे म्हणजे काय, हे वर्ध्याच्या माणसाला सांगणे नको. गेल्या वर्षी गाडीजवळच एक गाळा भाड्याने निघाला आणि घरात दोन तट पडले. काकांना गाळा हवा होता. "बसाले जागा असली का गिऱ्हाईक वाढतेच," हा त्यांचा सिद्धांत. आजोबांचे मत, चालते ते मोडू नये. चार दिवस वाद झाला, आवाज चढले. आकडा मात्र कोणीच मांडला नाही. शेवटी मी धाकट्या भावाच्या दप्तरातून आलेख कागद काढला.

हिशेब अगदी सोपा होता. गाडीवर एक प्लेट २० रुपयांना जाते. तिला सामान लागते १२ रुपयांचे, म्हणजे प्लेटमागे ८ रुपये सुटतात. प्लेटा किती का विकेनात, रोजचा ठरलेला खर्च २४० रुपये: गाडीचे भाडे, गॅस, भांडी धुणाऱ्या मुलाचा रोज. विकलेल्या प्लेटांना क्ष म्हटले, तर

नफा = ८क्ष − २४०

३० प्लेटा विकल्या की ना नफा, ना तोटा. त्यापुढची प्रत्येक प्लेट कमाईची. गाळ्यात भाव २४ रुपये धरला, तर प्लेटमागे १२ रुपये सुटतील. पण भाडे, वीज आणि कर्जाचे व्याज मिळून ठरलेला खर्च ६४० रुपयांवर जाईल. म्हणून

नफा = १२क्ष − ६४०

आडव्या अक्षावर प्लेटा, उभ्या अक्षावर रुपये घेतले आणि दोन्ही रेषा काढल्या. गाळ्याची रेषा खूप खालून निघते, पण तिचा चढ मोठा. बरोबर १०० प्लेटांवर ती गाडीच्या रेषेला छेदून वर जाते. शंभराच्या आत गाडी बरी, शंभरापुढे गाळा. आमची विक्री सरासरी ९० प्लेटांची. तेवढ्या विक्रीत गाडी ४८० रुपये देते, गाळा ४४०. फरक फक्त चाळीसाचा! काकांची कळी खुलली. "रविवारी तर शंभरावर जातेच ना बाप्पा! गाळा घेतला का रोजच जाईन." वाद मिटल्यासारखा झाला.

तेवढ्यात काकू कांदा चिरता चिरता म्हणाली, "बाबू, माह्यं काम कोन्त्या रकान्यात हाय?"

ते कोणत्याच रकान्यात नव्हते. काकू पहाटे चारला उठते. हरभरा शिजवणे, तर्रीला फोडणी, पोहे भिजवणे असे रोजचे चार तास. गाळा घेतला तर दुपारपर्यंत तिला तिथेच थांबावे लागणार, म्हणजे आठ तास. ताशी ५० रुपये धरले, तर गाडीच्या खर्चात २०० रुपये वाढतात आणि गाळ्याच्या खर्चात ४००. आता समीकरणे अशी झाली: गाडीसाठी ८क्ष − ४४०, गाळ्यासाठी १२क्ष − १०४०. रेषा पुन्हा काढल्या. छेदनबिंदू १०० वरून सरकला आणि थेट १५० वर जाऊन बसला! ९० प्लेटांवर गाडीचा नफा २८० रुपये उरला, गाळ्याचा अवघा ४०. काका बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आजवर आपन हिच्याच मजुरीले नफा म्हनत होतो." त्यावर कोणी काही बोलले नाही.

वर्ध्याच्या मातीत हा प्रश्न नवा नाही. १९३४ साली येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेबनिसीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. मगनवाडीत बसून त्यांनी घाणी, ढेंकी आणि हातकागद यांचा हिशेब मांडला. १९३५ मध्ये कातणाऱ्या बायांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महागली तरी चालेल, असा आग्रह गांधीजींनी धरला. समीकरणाच्या भाषेत सांगायचे, तर जो आकडा सोयीसाठी शून्य धरला जात होता, तेथे त्यांनी खरी किंमत लिहायला लावली.

आपल्या पूर्वजांनी अज्ञात राशीला मोठी सुंदर नावे दिली होती. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्', आणि पुढच्या राशी कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांनी ओळखल्या जातात. अज्ञाताला नाव दिले की ते शोधता येते. जे समीकरणात लिहिलेच नाही, ते मात्र कितीही आकडेमोड केली तरी हाती लागत नाही. उत्तर अचूक येते आणि तरीही खोटे असते. म्हणून मला वाटते, बीजगणित हा विषय आपल्यासारख्या साहित्य आणि समाजशास्त्र शिकणाऱ्यांपासून इतका दूर नाही. रेषा काढणे सोपे आहे. कोणाचा घाम खर्चात धरायचा राहून गेला, हे विचारणे अवघड, आणि ते तर आपल्याच शाखेचे काम.

गाळा आम्ही घेतला नाही. दीडशे प्लेटांचा दिवस येईल तेव्हा पुन्हा आलेख कागद काढू. मात्र वहीत एक नवा रकाना पडला आहे. त्यात रोज २०० रुपये लिहिले जातात, आणि महिन्याच्या शेवटी काकू स्वतः पोस्टात जाऊन आपल्या खात्यात ती रक्कम भरते.